चोवीस शब्द लपवायचे कुठे?

आमच्या घरात गुप्त असं काही राहत नाही. सासुरवाडीहून आलेली आंब्याची पेटी आमच्या तिसऱ्या मजल्यावर पोचायच्या आत तिचा भाव तळमजल्यावर जाहीर झालेला असतो. माझी साखर किती वाढली हे डॉक्टर मला सांगतात, तोवर आईने ते कोल्हापूरच्या मावशीला कळवलेलं असतं. असल्या घरात बसून मी क्रिप्टोचं सुरक्षित वॉलेट निवडायला घेतलं.

मला या फंदात पाडलं भाच्याने. तो हिंजवडीला आयटीत आहे आणि त्याच्या मते माझं सगळं आयुष्य मुदत ठेवींत फुकट गेलंय. "मामा, थोडं तरी बिटकॉइन घेऊन ठेव रे," असं तो दर रविवारी जेवायला आला की म्हणायचा. शेवटी बासुंदीच्या दुसऱ्या वाटीला मी थोडं घेतलं. अख्खं बिटकॉइन घ्यायला राहतं घर विकावं लागलं असतं, पण एका बिटकॉइनचे दहा कोटी तुकडे पडतात आणि त्या तुकड्याला सातोशी म्हणतात. त्यामुळे माझ्यासारखा पेन्शनरही सातोशींत लखपती असतो. नेमके किती आहेत ते इथे लिहीत नाही. आयकरवाले येतील तेव्हा येतील, मेहुणा त्याच संध्याकाळी येईल.

घेतलेलं सगळं एका एक्स्चेंजवरच, म्हणजे क्रिप्टोच्या ऑनलाइन बाजारातच, पडून होतं. मग १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजच्या एका वॉलेटमधून २३ कोटी डॉलरहून अधिक रक्कम चोरीला गेली. माझे पैसे तिथे नव्हते, पण झोप गेली ती गेलीच. जन्मभर बँकेत काढल्यामुळे मला त्या प्रकरणातली एकच गोष्ट चटकन कळली. ते वॉलेट एकट्याच्या सहीने उघडणारं नव्हतं, अनेकांच्या सह्या लागत होत्या. कंपनीचं म्हणणं असं, की सह्या करणाऱ्यांना पडद्यावर दिसत होतं एक आणि सही झाली ती भलत्यावरच. हे वाचून मला आमच्या शाखेतले एक अधिकारी आठवले. ते चहाचा कप खाली न ठेवता चाळीस व्हाउचरवर सही करायचे. फरक इतकाच, की तिथे चूक निघाली तर दुसऱ्या दिवशी उलट नोंद टाकता यायची. इथे गेलं की गेलं.

"म्हणूनच म्हणतात मामा, किल्ली ज्याची नाणं त्याचं," भाचा म्हणाला. मग त्याने मला किल्लीचा अर्थ समजावला आणि मी तो माझ्या सोयीने असा लावून घेतला: सोसायटीच्या जिन्याखाली टपालपेट्या असतात, त्यातल्या माझ्या पेटीत कुणीही पाकीट टाकू शकतो, नंबर सगळ्यांना दिसतो, पण उघडायची किल्ली माझ्याकडे. बिटकॉइनचा पत्ता म्हणजे तो नंबर. नाणी कुठल्याही यंत्रात नसतातच, ती जगभरच्या संगणकांवर ठेवलेल्या सामायिक खातेवहीतली नोंद असतात. वॉलेटमध्ये असते फक्त किल्ली. एक्स्चेंजवर पैसे ठेवले की किल्ली त्यांच्या खिशात. टोकियोच्या माउंट गॉक्सने २०१४ मध्ये दिवाळं काढलं तेव्हा सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन गायब असल्याचं सांगितलं होतं.

आता बँका काय धुतल्या तांदळाच्या आहेत असं मी म्हणणार नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला हजार रुपयांवर काढता येत नव्हते. तरीही बँकेतल्या ठेवीला आज पाच लाखांपर्यंत विमा आहे. बिटकॉइनला विमा नाही, शाखाधिकारी नाही आणि ओरडायला काउंटरही नाही. मराठी माणसाला शेवटची उणीव जास्त जाणवते.

मग ठरलं, रोजचं वेगळं आणि बचतीचं वेगळं. रोजच्यासाठी फोनमधलं वॉलेट. पण आपल्याकडे रोज म्हणजे काय करायचं असतं त्याचं? वडापाववाल्याकडे क्यूआर कोड आहे, तो यूपीआयचा. समजा त्याने उद्या बिटकॉइन घ्यायचं ठरवलं, तर कायद्याने तो वडापाव खाणं हा व्यवहार होतो. नाणं घेतल्यापासून जितका भाव वाढला त्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून तीस टक्के कर. शिवाय १ जुलै २०२२ पासून असल्या व्यवहारांवर एक टक्का टीडीएसचा नियम आहे. तोटा झाला तर तो दुसऱ्या कशातून वजाही करता येत नाही. सुकी चटणी लागली बोटाला, की विवरणपत्र भरायचं. त्यामुळे माझ्या फोनमध्ये जेमतेम एका चांगल्या जेवणाचे पैसे आहेत, आणि ते कुठे खर्च करावेत याचा शोध चालू आहे. फोन हरवला तर हळहळ वाटेल, जेवण गोड लागायचं थांबणार नाही. फोनातल्या वॉलेटची ऐपत तेवढीच असावी. एक मात्र भाच्याने घटवून घेतलंय: पाठवताना पत्ता अक्षरन् अक्षर ताडून बघायचा, कारण कॉपी केलेला पत्ता मधल्या मध्ये बदलून स्वतःचा चिकटवणारे व्हायरस असतात.

बचतीसाठी आणलं हार्डवेअर वॉलेट. पेनड्राइव्हच्या जातीचं, छोटा पडदा आणि बटणं असलेलं यंत्र. किल्ली त्याच्या पोटात राहते, इंटरनेटला तोंड दाखवत नाही. प्रागच्या चेक मंडळींनी २०१४ मध्ये ट्रेझर नावाचं असं यंत्र बाजारात आणलं, फ्रान्समध्ये लेजर कंपनी आहे. कुठलं घ्यावं यावर भाचा आणि त्याचे मित्र आमच्या दिवाणखान्यात तीन किलो भजी संपेपर्यंत भांडले. माझं मत विचाराल तर यंत्र कुठलंही घ्या, थेट कंपनीकडून घ्या. स्वस्तात मिळतंय म्हणून कुणाचं वापरलेलं घेऊ नका. खोक्यात गुप्त शब्द आधीच छापलेलं कार्ड निघालं तर यंत्र तसंच परत करा, ते शब्द ज्याने छापले तो तुमच्या पैशांची वाट बघत बसलेला असतो. या यंत्राचा मला आवडलेला गुण म्हणजे रक्कम आणि पत्ता त्याच्या स्वतःच्या पडद्यावर येतात आणि ते वाचून बटण दाबल्याशिवाय पान हलत नाही. चहाचा कप खाली ठेवावाच लागतो.

इथवर सोपं होतं. मग यंत्राने चोवीस शब्द दाखवले.

हे शब्द म्हणजेच खरी किल्ली. यंत्र मोडलं, हरवलं, लेजरवर तीनदा चुकीचा पिन दाबल्याने ते कोरं झालं, तरी नव्या यंत्रात हे शब्द त्याच क्रमाने घातले की सगळं परत. आणि हे शब्द दुसऱ्या कुणाला मिळाले, तर सगळं त्याचं. शब्द येतात २०४८ इंग्रजी शब्दांच्या ठरलेल्या यादीतून. ती अबँडनपासून सुरू होते आणि झू या शब्दाने संपते. मी ती पूर्ण वाचली, पेन्शनरला वेळ असतो. तीत मँगो आहे, अनियन आहे, अंकल आणि आंट आहेत. हजबंड आहे, वाइफ आहे, डाँकी आहे आणि डिव्होर्ससुद्धा आहे. कुणाच्या नशिबी कुठले शब्द कुठल्या क्रमाने येतील ते यंत्र ठरवतं. माझ्या नशिबी काय आले ते सांगायची सोय नाही, पण बायकोने कागद पाहिला असता तर तिचा गैरसमज झाला असता.

शब्दांचा फोटो काढायचा नाही, कारण फोटो परस्पर क्लाउडवर जातात. ईमेल नाही, व्हॉट्सॲप तर नाहीच. 'कस्टमर केअरमधून बोलतोय' म्हणून शब्द विचारील तो चोर, त्यात अपवाद नाही. फक्त कागदावर लिहून लपवायचे. पण लपवायचे कुठे? देवघरात ठेवले तर आई रोज देव पुसते. गव्हाच्या डब्यात ठेवले तर गहू दळायला जातात. पंचांगात ठेवले तर पाडव्याला जुनं पंचांग रद्दीत. साड्यांच्या घडीत म्हणाल, तर तिथे बायकोचे स्वतःचे पैसे असतात आणि ती जागा मला माहीत नाही असं मानायची आमच्यात पद्धत आहे. राहिला माळा. माळ्यावर वाळवी, आणि दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचं सगळं भंगारवाल्याच्या हातगाडीवर. वेल्समधल्या न्यूपोर्टच्या जेम्स हॉवेल्सची हार्डडिस्क २०१३ मध्ये अशीच कचऱ्यात गेली. तिच्यात सुमारे आठ हजार बिटकॉइनची किल्ली होती. नगरपालिका कचराडेपो उकरू देईना म्हणून तो कोर्टात गेला आणि जानेवारी २०२५ मध्ये दावा फेटाळला गेला. इथे भंगारवाला निदान किलोमागे काही देतो तरी.

जाणकार म्हणतात, शब्द धातूवर कोरा. आगीत जळत नाहीत, पावसाळ्यात शाई पसरत नाही. तुळशीबागेच्या बाजूला एका भांड्यांच्या दुकानाबाहेर नावं घालणारा बसतो. डाव्या हाताने ताट फिरवत, उजव्या हातातलं घरघरणारं यंत्र पेनासारखं चालवत तो कुणाच्या तरी बारशाचे चमचे उरकत होता. दर विचारला. अक्षरावर पैसे.

"किती अक्षरं?"

"शहाण्णवच्या आत." यादीची रचना अशी आहे, की प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं पुरतात. कंजूष माणसाचा इतका विचार करणारं तंत्रज्ञान मी दुसरं पाहिलं नाही.

"शहाण्णव? एवढं मोठं नाव?" त्याने मान वर केली. "स्मरणार्थ आहे का? कुणाकडून टाकायचं शेवटी?"

खरं तर तो चोवीस शब्द वाचणार, हे मनात येताच मी घरी यायला हवं होतं, पण तेवढ्यात तो म्हणाला, "कागद द्या इकडे, स्पेलिंग चुकलं तर मी जबाबदार नाही." मी त्याच्याकडून एका पेल्यावर नुसतं आमचं आडनाव घालून घेतलं आणि बोहरी आळीतून अक्षरांचे पंच, हातोडी आणि स्टीलची पट्टी घेऊन आलो.

पंचाने अक्षर ठोकणं हे काम एकांतात करायचं असतं आणि त्याला आवाज मात्र लोहाराइतका होतो. मी मोरीत पाटावर पट्टी ठेवून बसलो. पहिला एस उलटा उमटला. चौथ्या शब्दाला खालचे काका वर आले. "नळाचं काम काढलंय का? आमच्याकडे गळतंय," म्हणाले. मी पट्टीवर बसलो. आठव्या शब्दाला आईने दारातून विचारलं, "काय कोरतोयस रे?" मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, "बिटकॉइनचं का? सावकाश कर, अंगठा सांभाळ." मावशीला कळलं असणारच.

पट्टी कुठे ठेवली ते फक्त मला ठाऊक होतं, आणि नेमकी हीच पंचाईत झाली. क्वाड्रिगा या कॅनडाच्या एक्स्चेंजचा मालक जेराल्ड कॉटन डिसेंबर २०१८ मध्ये जयपूरला वारला, तेव्हा किल्ल्या फक्त त्यालाच माहीत होत्या असं सांगण्यात आलं. पुढे चौकशीत निघालं, की त्याने गिऱ्हाइकांचे पैसे आधीच उडवले होते. माझा तसा काही कारभार नाही, पण मीही उद्या गचकलो तर? बँकेत नॉमिनीचा रकाना असतो. इथे पट्टी हातात दिली की सगळंच दिलं.

त्यावर सोय आहे ती पंचविसाव्या शब्दाची. हा यादीतला नसतो, आपल्या मनाचा असतो आणि पट्टीवर कोरत नाहीत. चोवीस शब्द आणि तो, दोन्ही मिळाले तरच खरं वॉलेट उघडतं. गंमत अशी, की पंचविसावा चुकीचा घातला तर यंत्र चूक आहे म्हणत नाही. ते शांतपणे दुसरंच एक रिकामं वॉलेट उघडून दाखवतं. म्हणून मी पट्टीची जागा चिठ्ठीत लिहून ती वकिलांकडे ठेवली आणि पंचविसावा शब्द बायकोला निवडायला सांगितला. तिने तो यंत्रात स्वतः घातला. मला पाठ फिरवून उभं केलं होतं.

पंधरवड्यापूर्वी गणपतीत मी माझ्या बहिणीला घेतलेली साडी हिच्यापेक्षा भारी निघाली, तेव्हापासून आमच्यात अबोला आहे. आईमार्फत निरोप चालतात, पण हा शब्द आईमार्फत मागवता येत नाही. काल भाच्याचा फोन आला, भाव चढलाय, थोडं विकतोस का म्हणून. त्याला म्हटलं, विकायला हरकत नाही, पण आधी साडी घ्यावी लागेल, आणि ती साडी घ्यायला पैसे या बचतीतूनच काढायचे आहेत.