टोकियोतलं देवनार

शहराची खरी ओळख त्याच्या उकिरड्यावरून पटते, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी फार पुस्तकं वाचावी लागली नाहीत. मानखुर्दला जन्मलो, तेवढं पुरलं. 1927 पासून मुंबई आपला कचरा देवनारला आणून ओतते आणि वारा फिरला की ती बातमी आम्हाला हवामान खात्याच्या आधी लागते. 2016च्या जानेवारीत तिथे आग लागली तेव्हा धूर उपग्रहातून दिसला होता. आमच्या भागाचा इतका मोठा फोटो त्याआधी कुणी काढला नव्हता.

भाचा टोकियोत निशी-कासाईला राहतो, त्याच्याकडे गेलो होतो. 2000च्या सुमारास तिथे भारतीय संगणकवाल्यांची वस्ती वाढत गेली, कारण सरळ होतं: तोझाई लाइनची गाडी घरापासून थेट ओतेमाचीच्या बँका-कचेऱ्यांपाशी उतरवते. आपल्या लोकांनी घर निवडायची पद्धत परदेशातही बदललेली नाही. हा भाग एदोगावा वॉर्डात येतो आणि 2019 मध्ये योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ त्या वॉर्डाच्या सभेवर निवडून आले. म्हणजे तेव्हा नगरसेवक आपला झाला! मी लगेच भाच्याला विचारलं, "पाणी किती वाजता येतं?"

टोकियोत असे 23 वॉर्ड आहेत आणि प्रत्येकाला स्वतःचा निवडून दिलेला महापौर. मुंबईत आमच्या एम पूर्व वॉर्डाला एका सहायक आयुक्तावर भागवावं लागतं. शिवाय प्रत्येक मोहल्ल्याचा धंदा ठरलेला. अकिहाबारा म्हणजे शिस्त लावलेला लॅमिंग्टन रोड. जिंबोचोत जुन्या पुस्तकांची दुकानं, तीही बहुतेक रस्त्याच्या दक्षिणेच्या बाजूला. तोंड उत्तरेला म्हणजे उन्हानं पानं करपत नाहीत. काप्पाबाशीत हॉटेलवाल्यांची भांडीकुंडी आणि काचेमागे मांडायला प्लास्टिकचे खाद्यपदार्थ मिळतात. तिथल्या एका टेम्पुराकडे मी इतका वेळ पाहत राहिलो, की दुकानदार बाईंनी कमरेत वाकून नमस्कार केला.

"मामा, आता शिबुयाचं क्रॉसिंग बघायला चला," भाचा म्हणाला. सिग्नल पडला की चहूबाजूंनी माणसं एकदम रस्त्यावर उतरतात, हे पाहायला जगभरातून लोक येतात म्हणे. आमच्या टी जंक्शनलाही उतरतात. फक्त सिग्नलची वाट पाहत नाहीत.

"मला तुमचं डम्पिंग ग्राउंड दाखव," मी म्हणालो. भाच्यानं बायकोकडे पाहिलं. बायकोनं माझ्याकडे.

निशी-कासाईहून अराकावा नदी ओलांडली की पलीकडे युमेनोशिमा. नाव स्वप्नांचं बेट, आणि भरलं कशानं, तर 1957 ते 1967 अशी दहा वर्षं टोकियोच्या कचऱ्यानं. 1965च्या उन्हाळ्यात तिथून माश्यांचे थवे उठून कोतो वॉर्डातल्या घराघरांत शिरले. (ताटावर एका हातानं वारा घालत जेवणारे कोतोकर मला लगेच आपले वाटले.) पुढे कोतोवाल्यांचा संयम संपला. सगळ्या शहराचा कचरा यांच्या दारावरून जायचा आणि तिकडे सुगिनामी वॉर्ड आपल्या हद्दीत कचऱ्याची भट्टी होऊ देईना. 1971 मध्ये गव्हर्नर मिनोबे यांनी 'कचरायुद्ध' जाहीर केलं. कोतोवाल्यांनी सुगिनामीच्या गाड्या अडवल्या. वर्षानुवर्षं भांडण चाललं आणि त्यातून तत्त्व रुजलं, की ज्या वॉर्डाचा कचरा त्यानं आपल्या हद्दीत निस्तरावा. सुगिनामीत भट्टी झालीच.

हे ऐकल्यावर मी बाकावर बसून मलबार हिलचा कचरा मलबार हिललाच ठेवून पाहिला. फार बरं वाटलं.

आज त्या बेटावर 1978 साली उघडलेलं उद्यान आहे. एका भल्यामोठ्या काचघरात केळी आणि माड वाढतात, आणि थंडीत त्यांना लागणारी ऊब शेजारच्या कचरा जाळायच्या भट्टीतून येते. जवळच एका इमारतीत दाइगो फुकुर्यू मारू ही लाकडी मासेमारी बोट ठेवली आहे. 1954 मध्ये बिकिनी बेटावरच्या हायड्रोजन बॉम्ब चाचणीची राख हिच्या खलाशांवर पडली. पुढे बोट भंगारात निघाली, इंजिन विकलं गेलं आणि सांगाडा याच कचऱ्यात येऊन पडला. 1968 मध्ये कुणीतरी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, म्हणून ती वाचली. आमच्या मंडाळ्याच्या भंगारवाल्यांपर्यंत ती पोचली असती, तर पत्राला शाई लावेपर्यंत खिळेसुद्धा सुटे झाले असते. ते नावं वाचत नाहीत, वजन करतात.

तरी माझ्या मते टोकियोचं मोठेपण त्या बागेत नाही, गाड्या अडवणाऱ्या कोतोवाल्यांत आहे. ते गप्प बसले असते, तर सुगिनामीच्या लोकांना स्वतःचा कचरा कधी दिसलाच नसता. आम्ही मात्र नाकावर रुमाल धरून वाशीची गाडी पकडतो.

तुम्ही टोकियोला गेलात तर शिबुया जरूर पाहा, पण एक सकाळ युमेनोशिमाला द्या. उद्यानाला आणि बोटीला तिकीट नाही. फक्त सोमवारी जाऊ नका. काचघर आणि बोट, दोन्ही बंद असतात.