नग १, सुस्थितीत

शिक्षण विभागाच्या गट साधन केंद्रातला, दिव्यांग मुलांच्या थेरपीचा निळा चेंडू सुखरूप आहे, पालकांनी निर्धास्त असावे. चेंडू खोक्यात, खोके कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्लीवाले मीटिंगला. डेडस्टॉक रजिस्टरात ‘नग १, सुस्थितीत’ अशी नोंद आहे आणि ती शंभर टक्के खरी आहे. ज्याच्यात कधी हवाच भरली नाही तो चेंडू फुटणार कसा? हवा भरली तर तो कपाटात मावणार नाही. बाहेर ठेवला तर मुले त्यावर बसतील, बसली की तो झिजेल, आणि झिजला की निर्लेखनाचा प्रस्ताव तीन प्रतींत करावा लागेल. तेव्हा चेंडूला मुलांपासून वाचवणे, हाच शासकीय मालमत्तेचा व्यवसायोपचार.

‘व्यवसायोपचार’ हा शब्दही घात करतो. सात वर्षांच्या पोराला कसला आलाय व्यवसाय, असे ऐकणाऱ्याला वाटते. शर्टाचे बटण लावणे, डब्याचे झाकण उघडणे, पेन्सिल धरणे, बाकावर न कलंडता बसणे, हाच त्याचा व्यवसाय. ‘शाळेने शिकवावे, दवाखाना चालवू नये,’ असा आक्षेप येतो. पण पाय लोंबकळत ठेवून बसलेल्या ज्या मुलाला तोल सावरत नाही, त्याची सारी ताकद न पडण्यातच खर्च होते. अक्षरासाठी उरते काय? पायाखाली पाट दिला, तर तो शिकवण्याचाच भाग झाला. दुसरा आक्षेप वजनदार: प्रशिक्षण नसलेल्याने मुलाचे हातपाय ओढू नयेत. अगदी बरोबर! म्हणूनच थेरपिस्ट हवा, आणि त्याने शिक्षकाला व आईला रोजचे काय ते दाखवून द्यायला हवे. थेरपिस्ट नाही म्हणून कपाट बंद आणि कपाट बंद म्हणून थेरपिस्टची गरज नाही, हा शहाणपणा कोणाचा?

‘शिबिर होते की दरवर्षी!’ होते ना. मापे घेतात, फोटो काढतात, केळे देतात. वर्षातून एकदा पाणी घालून तुळस जगवण्याचाच हा प्रकार. मेंदूच्या पक्षाघातात हाड वाढत जाते, ताठरलेला स्नायू मागे पडतो आणि गुडघा वाकलेलाच राहू लागतो. तो पुढच्या आर्थिक वर्षाची वाट पाहत नाही. आता निधीचे रडगाणे. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६च्या कायद्यात २१ झाले. यादी लांबली; पैशाचे म्हणाल तर समग्र शिक्षा योजनेत अशा दिव्यांग मुलामागे वर्षाला ३,५०० रुपये धरले आहेत, म्हणजे महिन्याला तीनशेही नाहीत. रक्कम तोकडी आहे, मान्य. पण खोके उघडायला कितीशी तरतूद लागते? की त्यालाही शासन निर्णय हवा? आणि संताप येतो तो इथेच. चेंडू हरवला तर कोणाच्या पगारातून वसुली करायची, हे या व्यवस्थेला तोंडपाठ आहे. मुलाचा गुडघा कायमचा आखडला, तर त्याची वसुली कोणाकडून? त्यासाठी रजिस्टरात रकानाच नाही, कारण मूल डेडस्टॉकमध्ये धरलेले नाही. धरले असते तर निदान वर्षातून एकदा कोणीतरी येऊन, मापे-फोटोंपलीकडे, ते सुस्थितीत आहे का, हे पाहून गेले असते.

हवा भरायच्या पंपाची चौकशी कृपया करू नये. तो दुसऱ्या कपाटात आहे. नग १, सुस्थितीत.