साठ पत्त्यांचा खुलासा

बेलव्ह्यू, वॉशिंग्टन राज्य, अमेरिका

तीर्थरूप आप्पा व सौ. आई,
मु. पो. अंजनवेल, ता. गुहागर, जि. रत्नागिरी यांस


जमवायच्या पत्त्यांचा खेळ साध्या पत्त्यांहून मुख्यतः एका बाबतीत वेगळा असतो. साध्या खेळात कॅट घरातला असतो आणि तो सगळ्यांचा असतो. या खेळात प्रत्येक जण आपापला कॅट बांधून आणतो. मेंढीकोटात 52 पाने कोणती हे लहान पोरालाही ठाऊक असते, ती कोणाकडे गेली एवढेच कळायचे बाकी राहते. इथे समोरच्याने काय आणले आहे तेच ठाऊक नसते. त्यामुळे निम्मा खेळ आधीच, घरी, जेवणाच्या टेबलावर, आमटी निवत असताना होऊन जातो. अशा बांधलेल्या कॅटाला डेक म्हणतात. नातू पत्त्यांवर पैसे लावतो, अशी जी बातमी अंजनवेलास पोचली, तिच्यात म्हणून थोडी दुरुस्ती हवी. नातू पत्त्यांवर पैसे लावत नाही, पत्त्यांत पैसे घालतो. घरखर्चाच्या वहीत दोन्ही एकाच रकान्यात पडतात, ही गोष्ट वेगळी.

कोकणाला पत्त्यांचे नवल नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात 120 गोल पाने असतात. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने. दिवसा खेळायला बसले तर सुरुवात रामाच्या रंगाने, रात्री कृष्णाच्या. ही कला संपायच्या बेतात असताना 1970 च्या दशकात शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी तिला पुन्हा उभे केले. पण हा संच एकदाच घ्यायचा आणि जपून पुढच्या पिढीच्या हाती द्यायचा. मत्स्याचा राजा मोजकाच रंगवावा, वराहाची दुर्री भरमसाट काढावी आणि लोकांना राजा शोधत दुकानाच्या चकरा मारायला लावाव्यात, हे सावंतवाडीच्या राजवाड्यात कोणाला सुचले नाही. त्यासाठी गणिताचा प्राध्यापक लागला.

त्या प्राध्यापकाचे नाव रिचर्ड गारफील्ड. ते याच वॉशिंग्टन राज्यात वॉला वॉला येथील कॉलेजात शिकवीत. गावाचे नाव खरेच तसे आहे. पीटर ॲडकिसन यांच्या ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ या तेव्हाच्या लहानशा कंपनीला, मेळाव्यांत दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात आटोपेल असा खिशात मावणारा खेळ हवा होता. गारफील्ड यांनी ‘मॅजिक: द गॅदरिंग’ दिला आणि ऑगस्ट 1993 मध्ये मिलवॉकीच्या ‘जेन कॉन’ मेळाव्यात तो लोकांपुढे आला. ऑक्टोबर 1996 मध्ये जपानात पोकेमॉनचे पत्ते निघाले. जानेवारी 1999 मध्ये त्यांची इंग्रजी आवृत्ती अमेरिकेत आली, तीही विझार्ड्सकडूनच. त्याच वर्षी दुसऱ्या एका अमेरिकन कंपनीची वीज अंजनवेलच्या शेजारी तयार होऊ लागली. एन्रॉनचा तो प्रकल्प 2001 मध्ये बंद पडला. पोकेमॉनचा अजून चालू आहे. विझार्ड्सचे ऑफिस आता जवळच्या रेंटनला आहे आणि पोकेमॉनच्या आंतरराष्ट्रीय कंपनीचे खुद्द बेलव्ह्यूला. म्हणजे नातवाच्या खाऊचे पैसे निदान गावाबाहेर जात नाहीत.

नातू खेळतो त्या पोकेमॉनची पाने पाकिटातून मिळतात. पाकिटात 10 पाने, किंमत साधारण 5 डॉलर, म्हणजे 400 रुपयांच्या वर. आत काय आहे ते फोडल्याशिवाय कळत नाही, आणि फोडल्यावर बहुधा घरी आधीच असलेले निघते. जाणते खेळाडू पाकिटांच्या नादी लागत नाहीत. ते हवे ते पान सुटे घेतात. डेकात रोज लागणारी कितीतरी पाने सुटी घेतल्यास एका डॉलरच्या आत येतात. पैसे मोजावे लागतात ते दुर्मीळ चित्रासाठी. त्याच पानाची साधी प्रत मैदानात तेवढेच काम करते. जपानमधल्या चित्रस्पर्धेच्या विजेत्यांना 1990 च्या दशकाअखेर दिलेले पिकाचू या पोकेमॉन-प्राण्याचे एक पान 2022 मध्ये 52 लाख 75 हजार डॉलरना गेल्याची नोंद गिनीज बुकात आहे. ते हाती आले म्हणून डाव जिंकता येत नाही. आप्पांनी येणाऱ्याबरोबर पाठवलेली सोनेरी पाने मिळाली. अख्खा डबाच सोनेरी, यावरून ती नकली हे कळते आणि स्पर्धेत ती चालत नाहीत. नातवाने ती देव्हाऱ्याशेजारी लावली आहेत. तिथे ती शोभतात.

खेळाचे नियम थोडक्यात असे. डाव दोघांचा. प्रत्येकाकडे नेमकी 60 पाने. सुरुवातीला 7 हातात घ्यायची आणि 6 उपडी करून बाजूला ठेवायची. ती बक्षिसाची पाने. समोरच्याचा एक प्राणी गारद केला की आपले एक बक्षीस उचलायचे, आणि तो ‘ईएक्स’ बिरुदाचा मातब्बर प्राणी असेल तर दोन. सहाही उचलली की जिंकले. समोरच्याकडे मैदानात प्राणीच उरला नाही, किंवा त्याच्या पाळीच्या सुरुवातीला ओढायला पान उरले नाही, तरीही तो हरतो. हुकूम नाही, उतारी नाही, आणि भिडूच नसल्यामुळे भिडूला डोळा मारण्याचीही सोय नाही.

डेकात तीन जातींची पाने लागतात: प्राणी, त्यांना लढायला लागणारी ऊर्जा, आणि मदतीची पाने, ज्यांना ट्रेनर म्हणतात. एकाच नावाची जास्तीत जास्त चार पाने ठेवता येतात. साध्या ऊर्जेला ही मर्यादा नाही. नवशिक्याचा डेक लगेच ओळखू येतो. त्यात आडदांड प्राणी खच्चून भरलेले असतात आणि त्यांना हातात आणायची व्यवस्था काहीच नसते. नातवाच्या पहिल्या डेकाचा नायक चारिझार्ड, आग ओकणारा. तो एकदम उतरत नाही. आधी चारमँडर मैदानात हवा, पुढे त्याचा चारमिलियन, मग चारिझार्ड. मधली पायरी गाळायची तर ‘रेअर कँडी’ हे पान लागते. पहिल्याच डावात चारिझार्ड हातात, एकुलता चारमँडर बक्षिसांत उपडा, आणि कँडी घरी दप्तरात, अशी स्थिती होती. शिमग्यात पालखीचा पुढचा खांदा सगळ्यांनाच हवा असतो, पण ती घरोघर फिरते ती खांदा बदलायला मागून चालणाऱ्यांच्या जिवावर. चांगल्या डेकात या मागच्यांचीच भरती जास्त असते.

हे गणितानेही पटते. 60 पानांत एखादे पान एकच ठेवले, तर ते पहिल्या 7 पानांत येण्याची शक्यता 12 टक्क्यांच्या आत असते. दोन ठेवली तर सुमारे 22, तीन ठेवली तर 32 आणि चार ठेवली तर 40 टक्के. एकुलते पान बक्षिसांत अडकून बसण्याची शक्यता 10 टक्के. म्हणून ज्याच्यावाचून गाडा हलत नाही ते पान चार, ज्याचे काम एकदाच पडते ते एक किंवा दोन. मूळ, म्हणजे थेट मैदानात उतरवता येणाऱ्या, प्राण्यांचेही तसेच. पहिल्या सात पानांत एकही मूळ प्राणी आला नाही, तर हात उघडा करून दाखवायचा आणि पुन्हा पिसायचे, आणि त्याबद्दल समोरच्याला एक जादा पान ओढता येते. डेकात असे प्राणी 8 ठेवले तर ही नामुष्की सुमारे 35 टक्के वेळा ओढवते, 12 ठेवले तर 19 टक्के. अभ्यासाच्या वहीत अपूर्णांक चुकवणारा नातू हे आकडे झोपेत सांगतो.

ट्रेनर पानांत ‘प्रोफेसर्स रिसर्च’ हे नामांकित पान. हातातले सगळे टाकून द्यायचे आणि नवी 7 पाने ओढायची. ‘अल्ट्रा बॉल’ दोन पानांचा बळी घेते आणि डेकातून हवा तो प्राणी शोधू देते. टाकणे नवशिक्याच्या जिवावर येते. चांगली पाने पुढे कधीतरी लागतील म्हणून तो धरून बसतो आणि ती हातात धरूनच हरतो. जाणता खेळाडू अर्धा डेक निर्धास्तपणे टाकतो, कारण काय टाकले आणि आत काय उरले याचा हिशेब त्याच्या डोक्यात चालू असतो. मात्र प्रोफेसरसारखे ‘सपोर्टर’ जातीचे पान एका पाळीत एकच खेळता येते, त्यामुळे मदतनिसांचीही फार गर्दी झाली तर सगळे एकमेकांची वाट पाहत बसतात. सरकारी कचेरीत काम केलेल्या आप्पांना हा मुद्दा अधिक समजावण्याची गरज नाही.

हल्लीच्या बहुतेक पानांच्या कोपऱ्यात एक बारीक अक्षर छापलेले असते. साधारण वर्षाकाठी कंपनी एखादे जुने अक्षर बाद करते, आणि त्या अक्षराची पाने नव्याने छापली गेली नसतील तर नेहमीच्या स्पर्धेत चालेनाशी होतात. जपून जमवलेला डेक असा एका तारखेला निकामी होतो. त्या आठवड्यात घरात जे वातावरण असते त्याला सुतक म्हणणे जास्त होईल, पण फार जास्त नाही.

डेक घरी बांधला तरी पारख दुकानातच होते. बेलव्ह्यूला हिवाळ्यात पाऊस रिपरिपत असतो आणि साडेचारलाच काळोख पडतो. अशा वेळी खेळाच्या दुकानाच्या मागच्या खोलीत लांब टेबले मांडून आठवड्याचा एक दिवस या खेळाला देतात. त्याला लीग म्हणतात. ती चालवणाऱ्या, परीक्षा दिलेल्या स्वयंसेवकांना प्रोफेसर असा किताब असतो; वय 18 पूर्ण हवे, एम.ए. लागत नाही. खेळाडूंचे जन्मसालावरून ज्युनियर, सीनियर आणि मास्टर्स असे तीन गट पडतात. शेवटच्या गटाला वरची मर्यादा नसल्याने आप्पा आणि कॉलेजातला पोरगा दोघेही मास्टर्समध्येच मोडतात.

स्पर्धा स्विस पद्धतीने चालते. जितके डाव जिंकले तितकेच जिंकलेल्याशी पुढची गाठ. आठ खेळाडू असले तर तीन फेऱ्या पुरतात आणि पहिलाच डाव हरलेलाही शेवटपर्यंत खेळतो, ‘बाद’ म्हणून पालकांच्या मांडीवर रडायला येत नाही. पाने प्लास्टिकच्या पिशवीवजा आवरणात घालतात. एखादे आवरण दुमडलेले दिसले तर पंच हटकतो, कारण खुणेचे पत्ते ही चलाखी जगात सगळीकडे सारखीच. पिसून झाले की कॅट समोरच्याला कापायला द्यायचा. टेबलावर खाण्यास बंदी आहे. ती चिवड्याच्या तेलकट बोटांकडे पाहूनच घातली असावी, असा इथल्या मराठी मंडळींचा समज आहे. ते डबे घेऊन भिंतीशी बसतात आणि मुलांचे डाव पाहत नसल्यासारखे पाहतात.

माणसे कमी जमली की तिन्ही गट एकत्र खेळवतात. अशाच एका संध्याकाळी दाढी राखलेल्या कॉलेजकुमारासमोर आठेक वर्षांची मुलगी आली. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. कॉलेजकुमाराने आपला जखमी ईएक्स मागच्या रांगेत सुरक्षित नेऊन ठेवला होता. मुलीने हातातली पाने दोनदा मोजली, मग ‘बॉसेस ऑर्डर्स’ हे पान ठेवून त्या जखमी प्राण्याला पुढे खेचून आणले, गारद केले, आपली उरलेली दोन बक्षिसे उचलली आणि हात पुढे केला. हस्तांदोलन झाल्यावर कॉलेजकुमारानेच तिला विचारले, डेकात हे पान किती ठेवलेस. तिने सांगितले, आणि त्याने ते लिहून घेतले.

असे विचारणे हाच स्थानिक खेळाचा मुख्य लाभ. जगज्जेत्याची यादी उतरवून आणलेला डेक दुकानात दर वेळी चालतोच असे नाही, कारण जगज्जेत्याने तो जगासाठी बांधलेला असतो आणि नातवाला मंगळवारच्या त्याच बाराजणांशी खेळायचे असते. दुकानात पाण्याच्या प्राण्यांचे डेक वाढले की आगवाल्यांची धडगत नसते. आगीच्या प्राण्याला पाण्याचा मार दुप्पट बसतो. मग चारिझार्डवाले गुपचूप विजेचे प्राणी घालतात, ते पाहून पाणीवाले बदलतात, आणि दोन महिन्यांत चारिझार्ड पुन्हा निर्धास्त उतरतो. अदलाबदलही इथेच चालते. पत्ते लावलेल्या वह्या उघडून मुले समोरासमोर बसतात. मोठ्याने लहानाशी त्याच्या पालकांना न विचारता सौदा करू नये, असा बऱ्याच दुकानांत रिवाज आहे, आणि तो कडक आहे.

सोबत दोन डेक पाठवले आहेत. जागतिक स्पर्धेत खेळलेल्या डेकांच्या प्रती कंपनी स्वतःच छापून विकते, त्यांतले हे. त्यांच्या पाठी वेगळ्या असल्याने ते स्पर्धेत चालत नाहीत. अंजनवेलच्या पडवीत चालण्यास हरकत नाही. येत्या जुलैत नातू तिकडे येईल आणि पावसात त्याला खेळायला कोणीतरी लागेल. तोवर रात्रीच्या जेवणानंतर आप्पांनी एक डेक घ्यावा, आईने दुसरा. मेंढीकोटात चारही मेंढ्या कोणाच्या हातून गेल्या हे आईच्या ध्यानात राहते आणि आप्पांच्या राहत नाही. तेव्हा निकालाबद्दल इकडे कोणाला शंका नाही. ही पाने घरच्या कॅटात मिसळू नयेत. प्रत्येक डेकात 60 आहेत. मिळताच मोजून कळवावे.