नानांची, आत्याची आणि मनीची

आमच्या घरात औषधांना नावं नसतात, नाती असतात. नानांची बीपीची, आत्या दिवाळीत आली तेव्हा विसरून गेलेली, शेजारच्या काकूंना लागू पडलेली. नातं आठवलं नाही तर आई वर्णन सांगते, ‘पांढरी, गोल, मधे रेघ असलेली.’ या वर्णनात केमिस्टचं अर्धं दुकान बसतं. हा सगळा गोतावळा श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात नांदतो. पट्टीतली गोळी कापून घ्यायची, तर नेमकी मुदत छापलेल्या बाजूनेच कापायची अशी आमची घराण्याची रीत आहे. त्यामुळे डब्यातल्या गोळ्यांना चिरतारुण्य लाभलंय.

मागच्या पावसाळ्यात नानांना सर्दी-ताप झाला. सकाळी त्यांनी तापावरची 650ची घेतली, दुपारी सर्दीची, रात्री अंगदुखीची. आपण तीन शत्रूंशी तीन आघाड्यांवर लढतोय, असा त्यांचा आविर्भाव होता. तिन्ही पट्ट्यांच्या मागे बारीक अक्षरात छापलं होतं, पॅरासिटामॉल. एकच पाहुणा टोपी बदलून तीनदा जेवायला आला होता आणि खरकटं काढायला यकृत एकटंच. धडधाकट मोठ्या माणसासाठीसुद्धा चोवीस तासांत 4 ग्रॅम ही कमाल हद्द. यकृताचं दुखणं किंवा रोजची दारू असेल तर त्याहून अलीकडेच थांबायचं. हे ऐकून नाना म्हणाले, “पण सर्दीची तर पिवळी होती!”

पट्टीवरची उभी लाल रेघ म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही, ही खूण. नानांच्या मते ती कात्री कुठून चालवायची ते दाखवते. अँटिबायोटिकच्या पाच दिवसांपैकी तिसऱ्या दिवशी बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या डब्यात जमा होतात, पुढच्या आजाराची बेगमी म्हणून. आजार कुठला, ते तेव्हा बघू.

ताईच्या तान्ह्याला ताप आला की तिचा फोन येतो.

“आई, औषध किती देऊ?”

“एक चमचा.”

“कुठला चमचा?”

“अगं, नेहमीचा!”

आता ही नेहमीची गंमत फार वेळ करण्यासारखी नाही. पॅरासिटामॉलच्या तान्ह्या बाळांच्या ड्रॉप्समध्ये साधारणपणे एका मिलीलीटरमध्ये 100 मिलीग्रॅम औषध असतं. सिरपच्या 5 मिलीलीटरमध्ये 120 किंवा 250. म्हणजे सिरप समजून ड्रॉप्सचा चमचाभर डोस पाजला, तर बाळाच्या पोटात मोठ्या माणसाची अख्खी 500ची गोळी जाते. मात्रा वजनावर ठरते आणि बाटलीसोबत मिळणाऱ्या मापानेच मोजायची असते. आजीच्या अंदाजावर आमटीचं मीठ सोडावं, औषध नाही.

मग मनीचा नंबर लागला. मनी म्हणजे आमची मांजर. एके संध्याकाळी ती पलंगाखालून हलेना. आईने पाठीवर हात ठेवला आणि निदान केलं, “अंग तापलंय. अर्धी क्रोसिन दुधातून देऊ.” दूध गॅसवर चढलंही. मी प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन लावला, तेव्हा ते एवढ्या जोरात ओरडले की स्पीकर चालू करावाच लागला नाही. मांजराचं नेहमीचं तापमानच 101-102 फॅरनहाइटच्या आसपास असतं, ते आपल्या हाताला गरमच लागणार. आणि क्रोसिनमधलं पॅरासिटामॉल पचवायची सोय मांजराच्या यकृतात जवळपास नाहीच. रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद जाते, एका गोळीनेही जीव जाऊ शकतो. कुत्र्यांचं दुखणं वेगळं. माणसांच्या आयबुप्रोफेनने त्यांच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंडं निकामी होतात. मूत्रपिंडं तर बेदाण्यांनीसुद्धा. शेजारच्या टॉमीला सत्यनारायणाचा प्रसाद नाकारताना काकूंना फार जड गेलं, पण शिऱ्यात बेदाणे होते.

प्राण्याला दिलेली गोळी त्या प्राण्यापाशीच थांबते असंही नाही. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकने त्यांचं मढं खाणारी आपली गिधाडं थव्यांनी मेली. 2006मध्ये सरकारला जनावरांसाठी त्यावर बंदी घालावी लागली. गिधाडांनी तर कुणाचा सल्लाही विचारला नव्हता.

तेव्हा आज चष्मा लावून घरातला औषधांचा डबा उपसा, पट्ट्यांमागचे घटक वाचा, नाव किंवा मुदत दिसत नसेल ती गोळी बाद करा. आणि घरात मांजर असेल, तर आधी तिच्या डॉक्टरांना फोन, मग दूध गॅसवर.