भाऊ, भावी आमदार

भाऊंचा दिवस कुणाच्या तरी दहाव्याने सुरू होतो. कावळा शिवायच्या आत पांढरी स्कॉर्पिओ नदीकाठी येते आणि ज्याला हयातीत पाहिलं नाही त्याच्याबद्दल भाऊ पाच मिनिटं गहिवरून बोलतात. एकदा मयत म्हातारी होती आणि भाऊ 'अण्णांच्या जाण्यानं तालुका पोरका झाला' म्हणून गेले. घरच्यांनी तेही गोड मानून घेतलं. एवढ्या सकाळी दुसरा कोण येतो? दुपारी लग्नं. मुहूर्त टळला तरी चालेल, पण अक्षतांआधी भाऊंच्या शुभेच्छा व्हायलाच हव्यात.

पद विचाराल तर विकास सोसायटीचे चेअरमन, तेही माजी. बाजार समितीला पडले. पण चौकातल्या फ्लेक्सवर २००९ पासून नावाआधी 'भावी आमदार' आहे आणि तेवढ्यावर तहसीलदार खुर्ची देतात. निवडून आलेल्याला लोक रस्त्याचं विचारतात, पाण्याचं विचारतात. भावी माणसाला कोण काय विचारणार?

२००९ च्या निवडणुकीआधी मतदारसंघांची पुनर्रचना झाली. भाऊंचं गाव एकीकडे गेलं, सगळे पाहुणे दुसरीकडे. २०१४ ला युती तुटली, आघाडीही तुटली, चार मोठ्या पक्षांना जागोजागी उमेदवार कमी पडू लागले आणि शेवटच्या दिवशी एबी फॉर्म भाऊंच्या हातात पडला. एकषष्ठांश मतं काही झाली नाहीत, दहा हजारांचं डिपॉझिट गेलं. "पडलो नाही, पाडलं मला," भाऊ अजून सांगतात. २०१९ ला जागा मित्रपक्षाला सुटली.

मधल्या काळात, २०१७ ला, जिल्हा परिषदेचा गट महिलांसाठी राखीव निघाला. भाऊंनी वहिनींना उभं केलं. फ्लेक्सवर भाऊ पुरुषभर, वहिनी पोस्टाच्या तिकिटाएवढ्या. वहिनी निवडून आल्या. पहिल्या वर्षी सभेला भाऊ बरोबर असत आणि वहिनींच्या वतीने पाणीही तेच पीत. दुसऱ्या वर्षी वहिनींनी अंदाजपत्रकाचं पुस्तक वाचायला काढलं. तिसऱ्या वर्षी त्या म्हणाल्या, "तुम्ही गाडीतच थांबा, मी आलेच." माझ्या मते तालुक्याच्या राजकारणात इतक्या वर्षांत घडलेली गोष्ट ती एवढीच.

मार्च २०२२ मध्ये मुदत संपली. ओबीसी आरक्षणाच्या खटल्यात पुढच्या निवडणुका अडकल्या, प्रशासक आले आणि जिल्हा परिषदेचे सगळे सदस्य एका दिवसात माजी झाले. वहिनीसुद्धा. पद शाबूत राहिलं ते एकट्या भाऊंचं.

पुढे जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी. भाऊ म्हणतात, आपण पक्ष कधी बदलला नाही, पक्षच बदलत गेला. फुटीनंतर फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर त्यांच्या दोन फाइली तयार असायच्या. एकीत वर साहेब, दुसरीत दादा. खालचे हात जोडलेले भाऊ दोन्हींत तेच.

२०२४ ला बंडखोरी केली, अपक्ष अर्ज भरला. ४ नोव्हेंबर, दुपारी तीनपर्यंत माघार. मनधरणी टाळायची म्हणून भाऊ फोन बंद करून मळ्यात जाऊन बसले आणि दर दहा मिनिटांनी ड्रायव्हरला विचारू लागले, "तुझ्या फोनवर कुणी केला का रे?" अडीचला एकदाचा आला. महामंडळाचा शब्द मिळाला. कोणतं महामंडळ, ते गडबडीत विचारायचं राहिलं.

परवा वहिनींचा वाढदिवस होता. विधानसभेत एक तृतीयांश जागा महिलांना देणारी घटनादुरुस्ती २०२३ ला झालीय, जनगणना आणि पुनर्रचना उरकली की ती लागू होणार, हे सारं भाऊंना तोंडपाठ आहे. फ्लेक्सवाल्या पोरानं विचारलं, "भाऊ, 'भावी आमदार' कुणाच्या फोटोखाली टाकू?"

भाऊंनी बराच विचार केला. "दोघांच्या मधोमध टाक."

स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या, "फोटो माझा एकटीचाच दिलाय मी."