स्कॅनरकाका

आमच्या सोसायटीत कुणाच्या गाडीचा पिवळा दिवा लागला, की स्कॅनरकाका लेंग्यावरच खाली उतरतात. हातात काड्यापेटीएवढं ब्लूटूथ यंत्र. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटात ते खोचायचं, मोबाईल हातभर लांब धरायचा आणि ज्योतिष्याने साडेसाती सांगावी तसं म्हणायचं, "पी झिरो चारशेवीस! कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुमचा. आकड्याला जागला." मग कोड पुसायचा. दिवा विझतो. यथावकाश परत लागतो; पण तोवर काकांचा चहा झालेला असतो.

काकांची हयात भोसरीच्या टूलरूममध्ये गेली. चेतक तिरकी करून किक मारणारी पिढी. प्लग पॉलिश पेपरने घासला की गाडी आपली. मग बीएस-६ डिझेल गाडी आली. पहिल्याच सर्व्हिसिंगला तिथल्या पोराने लॅपटॉप जोडून 'अपडेट मारलं'.

"काय बदललंस?"

"काका, ते कंपनीचं असतं."

"आणि हप्ते?"

तेव्हापासून अमेरिकेतला शेतकरी काकांना सख्ख्या भावकीतला वाटतो. २०१५ मध्ये जॉन डिअरने तिथल्या कॉपीराइट कार्यालयाला सांगितलं होतं, की ट्रॅक्टर घेणाऱ्याला आतल्या सॉफ्टवेअरचा फक्त वापरपरवाना मिळतो. त्याच वर्षी दुरुस्तीसाठी त्या सॉफ्टवेअरचं डिजिटल कुलूप उघडायची सूट मिळाली. २०२३ मध्ये कोलोरॅडोने शेतीयंत्रांच्या दुरुस्तीसाठी कायदाच केला. आपल्याकडे २०२२ च्या ग्राहकदिनी सरकारने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं. "पोर्टल!" हा शब्द काका असा उच्चारतात, की पुढे टीका करायची गरज उरत नाही. त्यांचं म्हणणं बिनतोड आहे. फक्त ते लिफ्टचं दार धरून सांगतात.

पुतण्याने मात्र पिकअपसाठी धुराचा फिल्टर काढून इंजिनाचा संगणक (ईसीयू) रीमॅप करायचा घाट घातला, तेव्हा काका उखडले. "दुरुस्ती वेगळी, उचापत वेगळी!" मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यांनी त्याला उभ्या उभ्या ऐकवलं.

पुढे स्वतःचाच फिल्टर तुंबला. त्यातली काजळी जळायला ६०० अंशांच्या आसपास तापमान लागतं, शहरातल्या गर्दीत ते गाठलं जात नाही. काका काकूंना म्हणाले, "चल, लोणावळा." काकूंनी ठेवणीतली साडी नेसली. एक्स्प्रेसवेवर काजळी जळू लागली ती नेमकी लोणावळ्याच्या तोंडाशी. मध्येच इंजिन बंद केलं तर सगळं मुसळ केरात. काका तसेच खालापूरपर्यंत गेले आणि वळून घरी आले. काकूंना चिक्की घ्यायलाही उतरू दिलं नाही.