वसूलपंत राणीच्या बागेत

मे महिन्यातल्या कुठल्याही रविवारी भायखळा स्टेशनच्या पूर्वेला उतरा. राणीच्या बागेकडे निघालेल्या गर्दीत वसूलपंत ओळखायला मुळीच कष्ट पडत नाहीत. पिशव्या सावरत चाललेली बायको, दोन पोरं, शेजाऱ्यांचं एक पोर, गुडघे धरत मागून येणारी आई, आणि या सगळ्यांच्या दहा पावलं पुढे वसूलपंत. हातात काही नाही. तिकीट काढायचं म्हटल्यावर हात मोकळे नकोत का?

बागेचं तिकीट २०१७ मध्ये वाढलं. मोठ्यांना ५०, मुलांना २५, आणि आईवडील व दोन मुलं अशा चौघांच्या कुटुंबाला १००. त्याआधी मोठ्यांना ५ रुपये पडत, आणि ही वाढ वसूलपंतांना अजून पचलेली नाही. "अहो, पाच रुपयांत वाघ बघितलाय मी इथे!" हे ते दर खेपेला खिडकीतल्या माणसाला ऐकवतात. खरं तर पाच रुपयांच्या त्या शेवटच्या वर्षांत बागेत वाघच नव्हता. २०२० मध्ये औरंगाबादहून जोडी आणली तेव्हा कुठे पिंजरा पुन्हा भरला. पण खिडकीतल्या माणसाला मागे लागलेली रांग दिसत असते. तो वाद घालत नाही.

पुढचा प्रश्न शेजारच्या पोराचा. तीन वर्षांखालच्यांना तिकीट नाही, हे वसूलपंतांनी फलकावर आधीच वाचून ठेवलेलं.

"हा अडीचचा आहे."

"काका, मी दुसरीत आहे," पोर खणखणीत आवाजात सांगतं.

इथे २५ रुपये जातात, आणि ते वसूल करण्याची जबाबदारी त्या क्षणापासून बागेतल्या समस्त प्राणिमात्रांवर येऊन पडते.

वसूलपंतांच्या हिशेबात प्राणी नुसता असून भागत नाही, त्याने काहीतरी करून दाखवलं पाहिजे. पाणघोडा पाण्याबाहेर आला पाहिजे, अस्वलाने उभं राहिलं पाहिजे. वाघ तर दुपारी बाराच्या उन्हात झोपलेला असतोच, मांजरकुळातलं शहाणं जनावर दुसरं काय करणार? पण वसूलपंतांना तो आपला व्यक्तिगत अपमान वाटतो. "ए! ए! उठ की!" मग शीळ, मग टाळ्या, मग काचेवर टकटक. रखवालदाराची शिट्टी वाजते तेव्हा ते मागे वळून मोठ्या मुलाला दटावतात, "काचेला हात लावू नये, कळत नाही का?" मुलगा त्या वेळी वाघाकडे पाठ करून उभा असतो.

पेंग्विनच्या दालनात मात्र ते खूश. पक्ष्यांसाठी आतली हवा थंड ठेवतात. आपल्यालाही गारवा जाणवला की वसूलपंत जागच्या जागी थबकतात. "पुढे चला, पुढे चला," असं कर्मचारी ओरडत असतो आणि हे बायकोला सांगत असतात, "अगं, थांब जरा. एसी तिकिटातच आहे." मग मुलांसाठी ज्ञानदान: "हे पक्षी अंटार्क्टिकाच्या बर्फातले." मोठा फलक वाचतो. हे हम्बोल्ट पेंग्विन, दक्षिण अमेरिकेत पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर राहणारे. इथे आले २०१६ मध्ये, सोलहून. "बाबा, बर्फातले नाहीत." "तेच ते. थंडच ना शेवटी!"

झाडांचा तर त्यांच्या हिशेबात रकानाच नाही. आता ही बाग मुळात झाडांची. १८६१ पासूनचे वृक्ष अंगाखांद्यावर घेऊन उभी आहे, आणि प्राणी मागाहून आलेले भाडेकरू, असं निदान माझं तरी मत आहे. आफ्रिकेतून आलेली गोरखचिंच बघा. चार माणसांनी हात धरले तरी कवेत न येणारं खोड, हत्तीच्या पायासारखी सुरकुतलेली साल. वसूलपंत तिच्या बुंध्याला टेकून बुटातला खडा काढतात आणि पुढे निघतात. "झाडं काय, आपल्या सोसायटीतही आहेत."

शेजारच्या म्युझियमच्या आवारातला घारापुरीचा दगडी हत्ती त्यांना पसंत आहे. १८६४ मध्ये साहेब त्याला विलायतेला न्यायला निघाला आणि उचलताना हत्तीचे तुकडे झाले. ते इथे आणून पुढे जोडले. हा हत्ती झोपत नाही, पाठ फिरवत नाही, हवा तेवढा वेळ फोटोला उभा राहतो. वसूलपंत प्रत्येक पोराचा वेगळा, मग सगळ्यांचा एकत्र, मग बायकोशिवाय एक असे फोटो काढतात. बायकोशिवायचा नाइलाजाने, पिशव्या सांभाळायला कोणीतरी हवंच.

या धावपळीत आई केव्हाच एका बाकावर बसलेल्या असतात. चकलीचा डबा त्यांच्या मांडीवर. धाकटी सापडते हरणांच्या कुंपणापाशी, पण हरणांकडे तिचं लक्ष नसतं. गमबूट घातलेला एक माणूस पाइपने फरशी धूत असतो. तो पाइपच्या तोंडावर अंगठा दाबतो, पाण्याचा पंखा होतो, उन्हात त्याला रंग येतात, आणि ही तोंड उघडं ठेवून बघत असते. माणूसही जरा रंगात येतो आणि पाणी उंच उडवतो.

"अगं, पाइप बघायला आणलंय का तुला? पाइप घरी आहे!"

परतीच्या वाटेवर फाटकापाशी झडती होते. कोणी काय पाहिलं? मोठा सांगतो, एक पेंग्विन दुसऱ्याच्या अंगावर शिटला. धाकटी सांगते, पाइपवाले काका. शेजारचं पोर सांगतं, आजीने तीन चकल्या दिल्या. वसूलपंत मनातल्या मनात बेरीज करतात, वाघापुढे शून्य मांडतात आणि जाहीर करतात की आज काही मजा नाही आली, पुन्हा यायला हवं.

तेव्हा तुम्ही मुलांना घेऊन जाणार असाल, तर बुधवार सोडून जा. त्या दिवशी बाग बंद असते. आणि जमलं तर रविवारही टाळा. त्या दिवशी वसूलपंत येतात.